संचार आणि कर्तृत्व

'संचार' हा शब्द 'चर्' धातूपासून झालेला असून 'सम्' या उपसर्गाने त्यास सर्वत्र वावरण्याचा अर्थ येतो. वाघाचा वनात संचार असतो, शहरात संचारबंदी पुकारली जाते, दूरसंचार तर आता प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. भिक्षूचे अटन हाही संचारच होय. तथापि अंबरनाथजवळच्या पालेगावात काय किंवा अन्यत्र काय, 'अमक्यास संचार झाला' म्हटले की ऐकणारा अंगात येणे हाच अर्थ घेतो. कोणी त्यास वारे म्हणतात, दक्षिण कोकणात अवसर म्हणतात.

येथे प्रश्न शब्दाचा न राहता कर्तृत्वाचा होतो. संचारात एखाद्याने अमुक बाई करणी करते असे सांगितले आणि लोकांनी तिला मारहाण केली, तर ते कर्म कोणाचे? 'मी नव्हे, देव बोलला. मला काही आठवत नाही' हे उत्तर ठरलेले असते.

शास्त्रदृष्ट्या ते टिकत नाही. श्रीचक्रधरस्वामींनी भडोचच्या हरिपाळदेवाचे पूर स्वीकारले ते पतित, म्हणजे जीवाने टाकलेले होते. दवडण्याच्या प्रकारातही आधीचा जीव देहात उरत नाही. संचारात मात्र जीव देहातच असतो. देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त. जीवास मोक्षाची योग्यता आहे ती त्याचे कर्म त्याचे आहे म्हणूनच. कर्म देवतेच्या नावावर घातले तर त्या योग्यतेवरही पाणी सोडावे लागेल.

आठवत नाही हे खरेही असू शकेल. सर्वच सोंग करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरात जिचे कोणी ऐकत नाही अशा सुनेचे बोलणे पुष्कळदा संचारातच ऐकले जाते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही केवळ अंगात येण्यास अपराध म्हणत नाही. अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून इतरांच्या मनात भय उत्पन्न करणे, सल्ला न मानल्यास वाईट होईल अशी धमकी देणे, हा अपराध मानतो.

आणि भोवती जमलेल्यांचे काय? त्यांच्या अंगात काहीच आलेले नसते. प्रश्न त्यांनी विचारला, काठीही त्यांनीच उचलली. तेव्हा प्रायश्चित्ताचा विचार आधी त्यांचा करावा लागतो. संचार झालेल्याचा त्यानंतर.