पेढी, परवाना आणि सुतार

व्यापार हा निव्वळ व्यापाऱ्याच्या कर्तबगारीवर चालतो, ही समजूत इकेआ या जगड्व्याळ फर्निचर-पेढीचा इतिहास पाहिला म्हणजे टिकत नाही. इंग्वार काम्प्राड यांनी 1943 साली स्वीडनमध्ये स्थापिलेल्या या कंपनीवर, ती भाव पाडते म्हणून, तेथील कारखानदारांनी बहिष्कार घातला. माल घडवून घेण्यासाठी तिला पोलंड गाठावे लागले, आणि परमुलखात स्वस्तात माल घडविण्याची जी विद्या पुढे तिचे सामर्थ्य ठरली, ती अशी नाइलाजातून हाती आली.

भारतात तिची गाठ कायद्याशी पडली. एकाच नाममुद्रेच्या किरकोळ व्यापारात शंभर टक्के परकी भांडवलास जानेवारी 2012 मध्ये मुभा मिळाली खरी, परंतु तीस टक्के खरेदी येथील लहान उद्योग, ग्रामोद्योग व कारागीर यांच्याकडूनच करावी, अशी अट तिला जोडलेली होती. कंपनीने हरकत घेतली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती. कारण ज्या लहान कारखानदारास काम देऊन वाढवावे, तो मर्यादेबाहेर वाढताच यादीतून बाद व्हावा, हे विचित्रच होते. सप्टेंबरात सक्तीच्या जागी ‘शक्यतो’ आले. 2013 साली 10,500 कोटींचा प्रस्ताव मंजूर झाला. हैदराबादचे दुकान 2018 मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याचे 2020 मध्ये उघडले.

मात्र त्या अटीतला ‘कारागीर’ कोण, हे वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावी येऊन पाहिले पाहिजे. मापाबरहुकूम एकेक पलंग घडविणारा सुतार एकाच नमुन्याचे हजार नग पुरवू शकत नाही, म्हणून अट राहिली असती तरी ती त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचली नसती, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्याही धंद्याला परिस्थिती आहे, आणि ती सैल करून घेण्यासाठी त्याला दिल्लीत वकील नाही. बांधावरचे सागवान तोडायचे तर 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी हवी, लाकूड हलवायचे तर वाहतूक परवाना हवा. तेवढी यातायात करण्यापेक्षा शेतकरी झाड उभेच ठेवतो, आणि सुतार आरा मशीनवरून फळ्या उधार आणतो. कंपनीचा अर्ज ऐकला गेला याचा मला विषाद नाही. बांधावरच्या सागाचा अर्ज त्याच तत्परतेने निकालात निघत नाही, याचा आहे. त्यातच सोयाबीनचा भाव पडला की मुलीचा बाप आंदणातला सागवानी पलंग रद्द करून तालुक्याच्या दुकानातला तयार दिवाण हप्त्यावर उचलतो, आणि फळ्यांचे पैसे सुताराला चुकते करावेच लागतात.