चिंधी बांधलेलं वाळूक

तुरीच्या ओळीत वाळकाचे वेल पसरले की आजी त्यातलं सगळ्यात सरस वाळूक हेरायची आणि देठाशी जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ते बियाचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. वाकडंतिकडं खायचं आणि चांगलं ठेवून द्यायचं, हा न्याय आम्हा पोरांना उफराटा वाटायचा. पिवळंधमक झाल्यावर त्याच्या बिया राखेत घोळून ती वाळवायची आणि मागेल त्याला मूठभर द्यायची. पैसे घेतल्याचं काही आठवत नाही.

आता त्या रानात सोयाबीन आहे. तणनाशकाचा फवारा बसला की गवताबरोबर वाळकाचा वेलही जातो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बी जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. मला त्यांच्या बीजबँकेचा रिवाज जास्त मोलाचा वाटतो : बी न्या, पिकलं की दुप्पट आणून द्या. जुने सावकार धान्याला सवाई-दिढी लावायचे, त्याहून हा दर चढाच! पण इथं परत आलेलं बी तिसऱ्याच्या वावरात जातं. कायदाही आडवा येत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिला आहे. ब्रँडचं नाव लावून संरक्षित वाण तेवढा विकता येत नाही. मग अडतं कुठं? दोन ओळी जागेवर, आणि चांगलं फळ न तोडण्याच्या धीरावर.

केळीच्या अर्धापूरला तर हा धीर आणखी महाग पडतो. बागेतल्या केळीला पेरायला बी नसतं. राख घालून मडक्यात ठेवावं असं तिथं काही नाही. मुनवे काढून पुन्हा लावत राहिलं तरच वाण जगतो. या गावाच्या नावाचा ‘अर्धापुरी’ वाण आहे, पण बागांमध्ये शिरली ती टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. शेतकऱ्याला बोल कसा लावावा? बाग एकदम कापणीला येते, घड सारखे भरतात, व्यापारी बांधावर येतो. आणि सारखी, लांब, बिनडागाची केळी त्या व्यापाऱ्याकडे मागतो कोण? गाड्यावर डझन उलटसुलट करून बघणारा मीच की! वाण जपायची जोखीम शेतकऱ्याची, निवडीचा चोखंदळपणा माझा.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका मावशींनी वाळकाच्या बिया दिल्या. परसात लावल्या. चार वाळकं धरली. मोठ्या हौसेनं थोरल्याला चिंधी बांधली. महिनाभरानं अवचित पाहुणे आले, घरात कोशिंबिरीला काही नव्हतं, आणि ते मीच कापलं. बिया अजून कोवळ्या, पांढऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चिंधी सोडून वेलाच्या शेंड्याकडच्या बारक्या वाळकाला बांधली.