आधी ऐकावे, मग सांगावे



श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. तोंडाला कोरड पडली आहे, हातातून गांडीव गळत आहे, अशा अवस्थेत तो महावीर आपले मन मोकळे करितो. या अध्यायात भगवंतांच्या मुखी एकच लहानसे वाक्य आहे. जमलेले कौरव पाहा, एवढेच ते म्हणतात. बाकी सारे ते ऐकून घेतात. उपदेश येतो तो दुसऱ्या अध्यायात. अठराव्यात, सर्व सांगून झाल्यावर, पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे म्हणून ते निर्णय अर्जुनावर सोपवितात; आणि तुझा मोह गेला काय, हेही विचारतात.

आज घरोघरच्या तरुणांस अशाच श्रोत्याची वाण आहे. परीक्षेत अपयश आलेला वा नोकरी न लाभलेला मुलगा खोलीचे दार लावून बसतो. आपण म्हणतो, "तुला काय कमी आहे?" या प्रश्नाने ते दार बाहेरूनही बंद होते.

पूर्व लंडनमधील ब्रॉमली-बाय-बो या गरीब वस्तीत १९८४ साली अँड्र्यू मॉसन नामक पाद्री आले. ओस पडलेल्या चर्चची दारे त्यांनी वस्तीला खुली केली. पुढे १९९७ साली तेथे दवाखानाही उभा राहिला. औषधाबरोबर रुग्णास माणसांतही पाठवावे, ही रीत रुजविणाऱ्यांत या केंद्राची गणना होते. २०१९ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने तिला आपल्या दीर्घकालीन योजनेत स्थान दिले. तेथे 'लिंक वर्कर' म्हणविणारा सेवक एकेकाशी निवांत बसतो, तुला कशाचे मोल वाटते हे विचारतो, आणि मग गायनमंडळ, बागकाम वा खेळ यांच्याशी त्याची गाठ घालून देतो.

आपल्या देवळात पखवाज आहे, पालखी आहे, माळा गुंफावयाच्या आहेत, उत्सवाचा हिशेब लिहावयाचा आहे. उणीव आहे ती हात धरून नेणाऱ्याची. "देवळात जा, मन शांत होईल" असे सांगणे सोपे. "चल, मी सोबत येतो" असे म्हणणे, ही खरी सेवा होय.

मात्र ज्याची अन्नझोप तुटली, जगणे नकोसे झाल्याचे जो बोलतो, त्यास केवळ नामस्मरणावर सोडू नये. त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. भारत सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. मदत मागण्याने कुळास बट्टा लागत नाही. अर्जुनासही सारथी लागला.

आम्ही वयाने लहान; वडीलधाऱ्यांस शिकविण्याचा अधिकार आमचा नव्हे. तरुणांच्या वतीने विनंती तेवढी करितो: आरतीनंतर घटकाभर एखाद्या मुलाजवळ वा मुलीजवळ बसावे, आणि आधी ऐकावे. तशी बुद्धी श्रीकृपेने आपणां सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.