समास सोडून लिहावे

जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, गोदावरीच्या बाजूने, घनसावंगी तालुका पसरला आहे. या तालुक्यातील जांब गावी १६०८ साली सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायण नावाचे मूल जन्मले. पुढे महाराष्ट्र त्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. त्यांच्या दासबोधात अध्यात्म आहे, प्रपंच आहे, राजकारण आहे. आणि एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी एक समास निव्वळ लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वळणदार कसे काढावे, बोरू कसे निवडावेत, कागद कसा सिद्ध करावा, हे सारे त्यात एखाद्या दक्ष गुरुजींप्रमाणे सांगितले आहे. त्यातील दोन सूचना मला विशेष वाटतात. पहिली अशी की, पानाच्या चहूबाजूंनी जागा मोकळी सोडावी आणि मजकूर मध्यभागी ठसठशीत लिहावा. म्हणजे काळाच्या ओघात कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. दुसरी अशी की, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही.

मराठीत ‘समास’ या शब्दाचे एकाहून अधिक अर्थ आहेत. दासबोधाच्या प्रकरणालाही समास म्हणतात आणि वहीच्या पानावर रेघ आखून आपण जी जागा कोरी ठेवतो, तिलाही समासच म्हणतात. ती कोरी जागा वाया गेलेली नसते. मजकूर सुरक्षित राहावा म्हणून ती असते. आज ज्याच्या हाती मोबाइल आहे, त्याच्या हाती स्वतःचे वृत्तपत्रच आले आहे. अशा काळात हा समास कोणी सोडायचा, कशाभोवती सोडायचा आणि कोणासाठी सोडायचा, हा वरकरणी लहान वाटणारा परंतु मुळात नीतीचा प्रश्न आहे.

नारायण आठ वर्षांचा असताना, १६१६ साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. मराठी भाषेचे हे लेणे रोमन लिपीत छापलेले होते आणि ते छापण्याआधी धर्माधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी लागली होती. ‘छापण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचा शेरा जुन्या कॅथलिक पुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर आपण पाहिलेला आहे. पुढे धर्माधिकाऱ्यांची जागा अनेक ठिकाणी संपादकाने घेतली. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी ना कोणी उभा असे आणि तो विचारी, हे खरे आहे काय? यात कोणाची विनाकारण मानहानी तर होत नाही ना? पण त्या दाराशी राखण करणाऱ्यांनी पुष्कळदा खऱ्या शब्दांनाही आत येऊ दिले नाही, हेही विसरता कामा नये. गरिबाचे गाऱ्हाणे, स्त्रीचे दुःख, गावकुसाबाहेरच्या माणसाचे जगणे यांना छापील पानावर यायला शतके लागली.

ते दार आता राहिलेले नाही. १९९९ साली ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि कोणालाही आपली रोजनिशी जगासमोर मांडता येऊ लागली. २००६ साली फेसबुक तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले. घनसावंगीच्या मोसंबीच्या बागेत राबणारा तरुण आज आपली व्यथा कोणाच्याही परवानगीवाचून लिहू शकतो. मी याला कृपा मानतो. मात्र दाराशी कोणी उरला नाही, म्हणून दाराशी विचारले जाणारे प्रश्न संपले असे होत नाही. ते प्रश्न आता ज्याचे त्याने स्वतःला विचारायचे आहेत.

ते न विचारल्याने काय घडते, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावाने दाखवून दिले. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आली होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. ती पुढे धाडणाऱ्यांपैकी किती जणांना आपण काही ‘लिहिले’ असे वाटले असेल? बहुतेकांनी बोटाने केवळ एक खूण दाबली होती. काहींनी तर चांगल्याच हेतूने, शेजाऱ्यांनी मुलांना जपावे म्हणून, तो मजकूर धाडला असेल. या नव्या पापाचे हेच भयंकर स्वरूप आहे की, त्याचा कर्ता स्वतःला कर्ता मानतच नाही.

यावर दोन उपाय सुचवले जातात. पहिला कायद्याचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ज्या ‘६६ अ’ कलमाचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. शासनाच्या हाती कात्री दिली की ती अफवेआधी मतभेदावर चालते, हा धडा त्यातून मिळाला. दुसरा उपाय कंपनीचा. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येऊ नये, अशी मर्यादा घातली. ही मर्यादा योग्यच होती. पण यंत्र फक्त संख्या मोजते. पाच जणांना पाठवलेले असत्य हे पन्नास जणांना पाठवलेल्या असत्यापेक्षा अधिक खरे नसते. तेव्हा बाहेरचा पहारा अपुरा पडतो आणि पुष्कळदा अन्यायकारकही ठरतो. उरतो तो ज्याचा त्याने सोडायचा समास.

हा समास पहिल्याने वेळेचा असतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. रेव्हरंड टिळकांचा तापट स्वभाव, घरातील ओढाताण, धर्मांतरामुळे झालेली ताटातूट, हे सारे त्यात उघड्या मनाने आले आहे. आज एखादी स्त्री आपल्या नवऱ्याविषयी असे लिहील, तर आप्तेष्टांत वादळ उठेल. तरीही ते पुस्तक कोणाला कडवट वाटत नाही. टिळक १९१९ साली वारले आणि पुस्तक १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. मधल्या पंधरा वर्षांत राग निवळला, प्रेम उरले आणि स्वतःवर हसण्याचे बळ आले. संत ऑगस्टीन यांचे परिवर्तन ३८६ सालचे. त्यांनी आपली ‘कबुली’ लिहायला घेतली ती दहाएक वर्षांनी. घटना आणि तिचे कथन यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्यात माणूस विचार करतो. समाजमाध्यमे नेमके तेच अंतर पुसून टाकतात. भांडण संपण्याआधी त्याचे वर्णन जगभर झालेले असते आणि मग शब्द मागे घेणे म्हणजे हार पत्करणे वाटू लागते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून एक साधी रीत घातली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जातात. मुले अभ्यासाला बसतात, थोरली माणसे एकमेकांशी बोलतात. त्या गावाने मोबाइल फेकून दिले नाहीत. दिवसाच्या पानावर फक्त एक समास आखला. संध्याकाळच्या घंटेला हातातले काम थांबवून प्रार्थना करणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटू नये.

दुसरा समास सोडायचा तो इतरांच्या आयुष्याभोवती. स्वतःविषयी लिहिणारा कधीच केवळ स्वतःविषयी लिहीत नाही. माझ्या कहाणीत माझी आई असते, शेजारी असतो, सून असते, आणि विशेषतः माझे मूल असते. मूल जन्माला येत नाही तोच त्याचे छायाचित्र शेकडो मोबाइलवर पोहोचते. त्याचा बाप्तिस्मा, त्याचे रडणे, त्याचे आजारपण, परीक्षेतले अपयश, सारे नोंदले जाते. रुग्णालयातील खाटेवरच्या आजीचे अखेरचे श्वासदेखील आता कोणीतरी टिपत असतो. त्या आजीने आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तिला विचारले कोणी? संसदेने २०२३ साली केलेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यायला कंपन्यांना सांगतो. पण घरगुती कारणासाठी कुटुंबातील माणूस जे करतो, त्याला तो लागू नाही. कायद्याने उंबरठ्यावर थांबावे हेच बरे. परंतु उंबरठ्याच्या आत मुलाचा वकील कोण? आईवडिलांच्या सदसद्विवेकबुद्धीखेरीज तिथे दुसरे कोणी नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘घरचे घरात ठेवा’ हे आजवर कोणाला सांगितले गेले? मार खाणाऱ्या बायकोला, राबवून घेतलेल्या गड्याला, अत्याचार सोसलेल्या मुलाला. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा झाकलेले उघडे करू नये असे त्यांच्या स्वतःच्या समाजातूनही त्यांना ऐकावे लागले. त्यांनी समाजाच्या अब्रूसाठी मौन पाळले असते, तर मराठी वाचक एका मोठ्या सत्याला मुकला असता. ऑगस्टीन यांचेच पाहा. ज्या स्त्रीबरोबर त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ संसार केला, जी त्यांच्या मुलाची आई होती, तिचे नाव त्यांनी आपल्या ग्रंथात कोठेही लिहिले नाही. हा तिच्याभोवती राखलेला आदराचा समास होता, की तिला पानावरूनच पुसून टाकणे होते? सोळाशे वर्षांनंतरही याचे उत्तर देता येत नाही. संस्थेची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन किती घातक असते, हे तर चर्चलाही फार मोठी किंमत मोजून शिकावे लागले.

म्हणून समास सोडण्याला एक कसोटी लावावी लागते. ती कोरी जागा कोणाला आश्रय देते? ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्या लेकराला, वृद्धाला, दुबळ्याला देत असेल, तर ती सोडणे हे कर्तव्य आहे. ज्याने अन्याय केला त्याला ती लपवत असेल, तर ती जागा भरून काढणे हे कर्तव्य आहे. समर्थांनी कडा मोकळ्या सोडायला सांगितल्या, तशीच मधली अक्षरे ठसठशीत काढायलाही सांगितले. फिकट, भ्यालेल्या अक्षरांत लिहून भोवती कितीही जागा सोडली, तरी पान कोरेच राहते. ‘बलुतं’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांत मधला मजकूर ठसठशीत आहे. दोघांनी प्रथम स्वतःला तपासले, स्वतःला वाचकासमोर उभे केले, आणि मग इतरांविषयी लिहिले. या क्रमाने चालणाऱ्याला सत्य आणि प्रीती यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी क्वचितच येते.

राहिली ती बारीक अक्षराची सूचना. तरुणपणीच्या तीक्ष्ण नजरेने लिहिलेले म्हातारपणी वाचायचे आहे, हे लिहितानाच ध्यानात ठेवावे, असे ती सांगते. आपल्या वहीची पाने पिवळी पडत, वाळवी लागे, आणि आपले पुष्कळसे पोरकट लिखाण काळच दयाळूपणे नाहीसे करी. आता तसे होत नाही. पंचविसाव्या वर्षी रागाच्या भरात केलेली शेरेबाजी पन्नासाव्या वर्षीही जशीच्या तशी सापडते. ती कदाचित आपल्याआधी आपल्या मुलांना सापडते. आज ज्या बाळाचे चित्र आपण जगाला दाखवत आहोत, ते बाळ वीस वर्षांनी ही सारी पाने उलगडील. आपल्या लेखणीचा सर्वांत कठोर आणि सर्वांत जवळचा वाचक तेच असेल. त्याच्या डोळ्यांना वाचता येईल, आणि वाचून त्याला मान खाली घालावी लागणार नाही, एवढ्या अक्षरात लिहावे.