सोडणं आणि टाळणं

आजचं वाचन : गीता, अध्याय १८, श्लोक ८ आणि ९



कष्टाच्या भीतीने काम सोडलं तर तो राजस त्याग. त्याला त्यागाचं फळ नाही, असं भगवंत इथे स्पष्ट सांगतात. काल रात्री हे वाचलं आणि लाजच वाटली.

मित्रांच्या शॉर्ट फिल्मचं एडिटिंग माझ्याकडे आहे. नऊ तासांचं फुटेज, आणि इकडे एम.एस्सी.चं डेझर्टेशन महिन्यावर आलंय. 'माझ्याकडून होणार नाही, दुसरं कोणी बघा,' असा मेसेज टाइप करून ठेवला होता. मनाला समजावलं, फेस्टिव्हलचा मोह सुटला, हे वैराग्यच! खरं तर झोप हवी होती.

मग सोडायचं काय? पुढचा श्लोक सांगतो : काम नव्हे, त्यातली आसक्ती आणि फळ. माझी आसक्ती टाइमलाइनवरच दिसली. पहाटे चारला उठून घेतलेला नदीचा शॉट, चाळीस सेकंद. गोष्टीला त्याची गरज नव्हती. तो वाचवायला मी तीन रात्री बाकीचे सीन हलवत होतो. काढला. फिल्म सरळ चालायला लागली.

मेसेजही बदलला : 'आधी डेझर्टेशन. फिल्म पूर्ण करतो, पण या फेस्टिव्हलला पोचणार नाही.' दिग्दर्शन करणारी मैत्रीण नाराज आहे. बरोबरच आहे. फळाची आशा मी माझी सोडू शकतो, तिची परस्पर सोडली, त्याला त्याग कसं म्हणू? आज तिला फोन करून माफी मागणार आहे.

तुम्हीही आज काही सोडणार असाल, तर आधी एवढंच विचारा : सोडतोय, की टाळतोय?