मुली येतच नाहीत म्हणे!

उभे राहा चौघंही. मोबाइल खिशात. नोटीस बोर्डवर तो कागद कुणी चिकटवला? ‘मेटल बँडसाठी ड्रमर पाहिजे. फक्त मुलांनी भेटावे.’ लाज नाही वाटली?

भोसरीत राहता ना? शेजारच्या पिंपरीत टाटा मोटर्स आहे, तेव्हाची टेल्को. 1974 साली त्याच टेल्कोच्या जाहिरातीत छापलं होतं, महिलांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकून जाब विचारला आणि नोकरी मिळवली. त्याच पुढे सुधा मूर्ती. पन्नास वर्षांनी तुम्ही तीच ओळ लिहिताय, तीही फुकटच्या बँडसाठी!

म्हणे ड्रमच्या डबल बेस पेडलला ताकद लागते. लागतो तो घोट्यांचा रियाज आणि लयीचा हिशेब. वर्गातली जी मुलगी विचारायला आली, ती गणपतीत कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवते. तेव्हा तिचे रील्स तुम्हीच टाकले होते. आणि परवा तिला काय सांगितलंत? ‘तू कोरसला उभी राहा, नाहीतर पोस्टर कर.’

तू हसू नकोस. तुझ्या सॅकवर आर्च एनिमीचा पॅच आहे ना? 2000 साली त्या बँडमध्ये अँजेला गॉसो आली आणि वर्षानुवर्षं तिथे ग्राउल करत होती. ग्राउल पुरुषी गळ्यातून येत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वरचे पडदे थरथरवून, श्वास आवरून तो काढावा लागतो. शिकावा लागतो. तुलाही अजून जमत नाही. बोल्ट थ्रोअर बँडमध्ये 1987 पासून बास वाजवायची ती जो बेंच नावाची बाई. इंडोनेशियातल्या गारुतच्या तीन हिजाबधारी मुलींनी 2014 साली शाळेत असताना ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा बँड सुरू केला. मेटलची गोडी त्यांना शाळेतल्या शिक्षकानंच लावली. 2024 मध्ये त्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

आणि ‘मुली येतच नाहीत’ हे तुमचं लाडकं पालुपद. का यावं त्यांनी? मुलगी गिगला दिसली की, ‘कुणाबरोबर आलीय?’ तिच्या टी-शर्टवर बँडचं नाव असलं की, ‘तीन गाणी सांग बघू.’ तुमची घेतली कुणी अशी तोंडी परीक्षा? स्टेजपुढच्या पिटमध्ये गर्दीचा फायदा घेऊन कुणी अंगाला हात लावला, तर ‘पिटमध्ये चालायचंच’ म्हणून मोकळे! प्रॅक्टिस रात्री नऊनंतर, एमआयडीसीतल्या शेडमध्ये. गल्लीत दिवा नाही, संडासाला आतून कडी नाही. दारं स्वतः लावून घ्यायची आणि वर म्हणायचं, कुणी येत नाही!

आता ऐका. कागद आजच्या आज काढा. गुरुवारी एमआयडीसी बंद असते. प्रॅक्टिस त्या दिवशी, उजेडी. संडासाला कडी बसवा. ड्रमरची निवड पडद्याआड होईल. वाजवणारा कोण ते दिसणार नाही, ठेका तेवढा ऐकू येईल. अंगचटीला जाणारा तुमचा मित्र असला तरी गेटबाहेर काढायचा, आणि ते काम तुमचं, तिचं नव्हे.

निवडलेली मुलगी चुकली, तर चुकली म्हणा. चूक दाखवा, पुन्हा वाजवून घ्या. गेल्या गॅदरिंगला तुम्ही चौघं चार वेगळ्या लयींत वाजवत होतात, तेव्हा ‘मुलगेच ते’ असं कुणी म्हणालं नाही. तिच्या बाबतीत ‘मुलगी ना शेवटी’ एवढे शब्द जरी माझ्या कानावर आले, तरी यंदाच्या गॅदरिंगच्या यादीतून तुमच्या बँडचं नाव मी स्वतः खोडीन.