मारुंजीच्या पाण्याचा धनी कोण?

पुण्याजवळ मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मारुंजी वसली आहे. सकाळी आठनंतर लक्ष्मी चौकात उभं राहिलं की गाव कुणीकडे निघालंय ते कळतं. कंपन्यांच्या बस, दुचाक्या, कॅब, सगळ्यांची तोंडं हिंजवडीच्या आयटी पार्ककडे नाहीतर वाकडकडे. रात्री तीच माणसं परततात, लिफ्टनं वर जातात आणि दार लावून घेतात. अशा मुक्कामाच्या गावांविषयी आपण बोलतो ते बहुतेक वाहतुकीविषयी. माण ते शिवाजीनगर मेट्रोमुळे इथलं सगळं मार्गी लागेल, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. माणसं कामाला कुठेही जावोत. आपल्या पाण्याचं काय करायचं हे ती एकत्र बसून ठरवत असतील तर ते गाव, एवढी साधी कसोटी मी धरतो. या कसोटीवर आजची मारुंजी अजून गाव व्हायची आहे.

एके काळी ती होती. मुळशी तालुका भाताचा. खाचरात पाणी उभं राहावं लागतं, पण तुंबून चालत नाही. म्हणून वरच्या खाचराच्या बांधाला एक तोंड ठेवलेलं असतं. चिखलणीपुरतं पाणी साठलं की त्या तोंडातून ते खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्या, आणि शेवटी ओढ्यात. वरच्यानं अडवून धरलं तर खालच्याची लावणी खोळंबते; वेळेवर तोंड मोकळं केलं नाही तर बांध फुटतो आणि खालच्याची रोपं वाहून जातात. भाऊबंदांमध्ये अबोला असला तरी आषाढात पाण्यापुरतं बोलावंच लागे. भांडणं होत, बांधावरून कोर्टकचेऱ्याही होत. पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असे. जमिनीच्या उतारानं माणसं एकमेकांना बांधून ठेवली होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क हिंजवडीत आकाराला येऊ लागलं. कंपन्यांच्या मागोमाग घरं आली आणि मारुंजी, जांबे, नेरे या गावांची पाळी लागली. एकरांत बोलली जाणारी जमीन गुंठ्यांत बोलली जाऊ लागली. ज्यानं त्यानं आपापल्या प्लॉटवर भराव टाकला, तो रस्त्याच्या वर उचलला, कंपाउंड घातलं. प्रत्येकाचे कागद चोख असतीलही, पण गावाचा उतार कोणाच्याच कागदावर राहिला नाही. जून २०२५ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावरच हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा बुजवलेले आणि वळवलेले ओढे हे कारण सरकारी यंत्रणांनीच पुढे आणलं. याच पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढतात. जूनमध्ये पार्किंगमध्ये पाणी आणि एप्रिलमध्ये टाकीत खडखडाट, हे एकाच जागी घडतं तेव्हा निसर्गाला बोल लावता येत नाही.

मुळशीनं पाण्यावरून फार मोठी लढाई पाहिली आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकारानं मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झालंच, मुळेचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याकडे वळलं आणि त्याची वीज मुंबईला गेली. मारुंजी त्या बुडीत क्षेत्रात नव्हती. पण ‘आमच्या पाण्याचा निर्णय आम्हाला न विचारता कोण घेतो?’ हा प्रश्न याच तालुक्यानं तेव्हा विचारला होता. आज तो विचारणारा कोणी दिसत नाही, आणि धरणाइतकीच मला ही गोष्टही सलते.

मुक्कामाचं गावही पाण्यापुरतं एकत्र येऊ शकतं, हे दूर एका ठिकाणी दिसतं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ, हॉलंडसे आयसेल नदीच्या काठी न्यूवेर्केर्क नावाचं छोटं शहर आहे. रॉटरडॅम-गौडा लोहमार्गावरचं हे स्टेशन. रोज सकाळी गाडी पकडून शहरात कामाला जाणाऱ्यांचं गाव. त्याच्या हद्दीत देशातली सर्वांत खोल जमीन आहे, समुद्रसपाटीच्या जवळजवळ पावणेसात मीटर खाली. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे उत्तर समुद्रातल्या वादळानं नदी फुगली आणि इथला बांध फुटला. त्याच्या मागे दाट वस्तीचा सगळा सखल मुलूख होता. महापौरांच्या सांगण्यावरून आरी एव्हेग्रून या नावाड्यानं आपली मालवाहू नाव थेट त्या खिंडारावर घातली. ती तिथं अडकून बसली, पाण्याचा जोर मोडला आणि लोकांना भगदाड बुजवायला वेळ मिळाला. त्या पुरात देशात १,८३६ माणसं गेली. हा भाग वाचला.

नावाड्याचं धाडस थोरच. पण त्या देशानं पाण्यासाठी उभारलेली व्यवस्था मला जास्त शिकवते. तिथं तेराव्या शतकापासून पाण्यासाठी स्वतंत्र मंडळं आहेत. बांध, कालवे, पंप त्यांच्याकडे. त्यासाठी वेगळा कर आणि दर चार वर्षांनी वेगळी निवडणूक. कालपरवा राहायला आलेला, दिवसभर रॉटरडॅमला असणारा माणूसही तो कर भरतो आणि मत देतो.

आपल्याकडे तसं मंडळ नसलं तरी एकत्र बसून ठरवायची जागा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य ठरतो आणि वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. अडचण अशी की फ्लॅटमधल्या पुष्कळांची नावं अजून लातूर, जळगाव, नागपूरच्या यादीत आहेत. मारुंजी भोर विधानसभा मतदारसंघात येते हेही अनेकांना ठाऊक नसतं. मेंटेनन्सवरून मध्यरात्रीपर्यंत तावातावानं बोलणारे लोक ग्रामसभेची तारीख विचारत नाहीत. आणि जुने गावकरी नव्यांना ‘सोसायटीवाले’ म्हणून बाजूला ठेवतात, हीही त्यांची चूकच आहे. जमीन त्यांनीच विकली. विकत घेणारा आता गावकरी झाला, हे मान्य करायला हवं.

ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, अशी मागणी जुनी आहे. महापालिका नळ देईल, गटार देईल. पण कुठल्या टॉवरच्या पोटाखालून ओढा जात होता हे गावातली सत्तरी ओलांडलेली माणसंच सांगू शकतील, आणि तीही फार वर्षं नाही. नव्यांकडे नकाशे वाचण्याचं, माहिती अधिकाराचे अर्ज करण्याचं, पाठपुरावा करण्याचं कसब आहे. दोघांची गाठ पडायला हवी.

म्हणून मारुंजीत राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. मतदार नोंदणीचा नमुना ८ भरून आपलं नाव इथल्या यादीत आणा. पुढच्या ग्रामसभेला जा आणि एकच विषय मागा : भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढावा, जाणत्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन प्रत्येक ओढ्यावरून चालावं आणि तो कुठे बुजला, कोणी बुजवला हे ठरावात लिहावं. पुढच्या पावसाळ्याआधी एवढं काम सहज होईल.